दुसरा चमचा

मैदानावर जी पोरं डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल उघडायची आणि पुन्हा जोडायची, तीच पोरं मेसच्या भटारखान्यात पाऊल टाकताच एकजात वेंधळी व्हायची. कुणाच्या हातून झाकण पडायचं, कुणाला मीठ आणि साखर यांतला फरक कळेनासा व्हायचा, कुणी बटाटा असा सोलायचा की शेवटी हातात लिंबाएवढा गोळा उरायचा. बघणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी स्वयंपाकघर नावाची खोलीच नसणार.

खरी गोष्ट वेगळी होती. प्रशिक्षण संपत आलं, की नव्या तुकडीतल्या प्रत्येकाला एक आठवडा मेसमध्ये राबावं लागे. पोती उचला, भाज्या सोला, टेबलं पुसा, वाढा आणि शेवटी भांडी घासा. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट होता तो आठवड्याचा शेवट. मेसच्या मुख्य स्वयंपाक्याला लहानथोर सगळे उस्ताद म्हणत, आणि या उस्तादाला प्रत्येक तुकडीतून एक माणूस मागून घ्यायचा हक्क होता. त्याने नाव दिलं की संपलं. बाकीचे गाड्यांकडे, वायरलेसकडे, दुरुस्तीच्या कारखान्याकडे जायचे आणि तो एक जण पेन्शनीपर्यंत कांद्यांकडे. म्हणून जुने शिपाई नव्यांना आधीच पढवून ठेवत. सालं जाड काढा, काही विचारलं तर आ वासून बघा, आणि काही झालं तरी शहाणपणा पाजळू नका. दर तुकडीत हा नालायकीचा सामना अगदी चुरशीने खेळला जाई.

या सामन्यात सगळ्यांत जास्त हाल होत होते ते ड्रायव्हरचे.

ड्रायव्हर हे त्याचं टोपणनाव. बराकीतल्या पहिल्याच दिवशी, ओळखीपाळखी चालू असताना, त्याने सांगून टाकलं होतं की आपले वडील फौजेत ड्रायव्हर होते, भलेमोठे ट्रक चालवायचे, आणि आपणही तेच होणार. नाव चिकटलं ते चिकटलं. त्याच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग खरा होता, ट्रकवाचून त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. पहिला अर्धा साफ खोटा. वडील फौजेत होते ते स्वयंपाकी म्हणून, आणि उभ्या नोकरीत त्यांनी ट्रकचं एकच अंग जवळून पाहिलं, ते म्हणजे भाजीची पोती उतरवताना खाली पडणारी मागची फळी.

तसे वडीलही ड्रायव्हरच व्हायला गेले होते. त्यांच्या वेळीही हाच आठवडा होता आणि हाच हक्क. पण माणूस पडला सरळ, शिवाय पढवायला कुणी नव्हतं. बटाटा सोलायला दिला, तो त्यांनी नीट सोलला. झालं. एका नीट सोललेल्या बटाट्यापायी सगळी नोकरी वाफेत गेली. निवृत्त झाल्यावर ते लग्नकार्यांत शेकडो माणसांच्या जेवणाची कामं घेऊ लागले, आणि पोरगा शाळेच्या प्रत्येक सुट्टीत त्यांच्या हाताखाली. उंची पुरत नव्हती तेव्हा विटेवर उभा राहून ढवळायचा. कामात वडील कडक होते. चव घ्यायची तर चमचा एकच, हा त्यांचा कायदा. दुसरा घेतला की ते जेवण झालं, असं ते म्हणत. त्यांच्या वेळच्या उस्तादाने हा कायदा त्यांना घालून दिला होता आणि त्या उस्तादाची तारीफ करायची तऱ्हाही न्यारी होती. चमचा तोंडात घालायचा आणि थुंकायचं नाही, ही तारीफ. "इतकी वर्षं त्यांच्या समोर पातेलं ठेवलं," वडील हसून सांगत, "पण दुसरा चमचा काही त्यांनी घेतला नाही." ते सांगत गंमत म्हणूनच. पण फार वेळा सांगत, हे पोराच्या लक्षात आलं होतं.

भरती होऊन निघाला तेव्हा बसमध्ये ट्रंक चढवून झाल्यावर वडिलांनी त्याला खिडकीपाशी जवळ बोलावलं. आई डोळे पुसत होती, तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "तिथे कुणी विचारलं, तर तुला पाणीसुद्धा तापवता येत नाही. समजलं?"

समजलं होतं. पण समजणं वेगळं आणि हाताला समजावणं वेगळं. कांद्यापुढे बसला की त्याची बोटं आपोआप आत वळायची आणि सुरी पळू लागायची. मग दचकून तो ती पुन्हा मुठीत कुऱ्हाडीसारखी धरायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांना बटाट्यांच्या बादल्या मिळाल्या. त्याने इमानेइतबारे सालं जाड काढली, बटाटे वेडेवाकडे कापले आणि बादली उस्तादापुढे सरकवली. उस्ताद अंगाने किरकोळ होता आणि आवाजाने त्याहून किरकोळ. भटारखाना ओरडण्यावर चालतो म्हणतात, हा माणूस नुसत्या बघण्यावर चालवायचा. त्याने ड्रायव्हरच्या बादलीतला एक बटाटा उचलला, फिरवून पाहिला. दुसरा उचलला, तोही पाहिला. मग शेजारच्या बादलीतला एक पाहिला आणि पुढे गेला. ड्रायव्हरला वाटलं, आपण सुटलो.

शेजारची बादली चष्म्याची होती. चष्म्या म्हणजे ड्रायव्हरचा बराकीतला शेजारी, खाटेला खाट लागून. त्याला नाटक करायची गरज नव्हती, देवाने पाठवतानाच सगळी तयारी करून पाठवलं होतं. त्याच्या हातात सुरी दिली की उस्ताद आधी औषधाचा डबा कुठे आहे ते पाही. पण पोरगा मनाचा स्वच्छ. सगळे मुद्दाम चुकत असताना हा एकटा मनापासून प्रयत्न करायचा आणि तरीही चुकायचा. त्याला काय व्हायचं आहे, हे त्याचं त्यालाच अजून ठरवता आलं नव्हतं.

असे चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी अख्खी पलटण लांबच्या पायपिटीला गेली होती आणि दुपारी भुकेने वखवखून परत येणार होती. बटाट्याचा रस्सा, भात आणि पाव एवढंच जेवण, पण भरपूर. कांदे कमी आले म्हणून उस्ताद गोदामवाल्याशी वाद घालायला गेला. त्याचा मदतनीस पाव उतरवून घ्यायला मागच्या दाराशी. जाताना मदतनीसाने मोठ्या पातेल्यापाशी चष्म्याला उभं केलं, हातात वल्ह्याएवढं लाकडी उलथनं दिलं आणि बजावलं की हात थांबवायचा नाही. चष्म्याने मान डोलावली. ड्रायव्हर भिंतीपलीकडच्या मोरीत ताटं घासत होता.

आधी आवाज बदलला. पातेल्याचं बुडबुडणं जड झालं, मधूनच अडखळू लागलं. मग वास आला. करपल्याचा नव्हे, त्याच्या आधीचा, किंचित गोड. ड्रायव्हरचे हात ताटावर थांबले. त्याने आजूबाजूला पाहिलं. मोरीत आणखी तिघे होते, तिघेही गप्पा मारत होते, कुणाच्या नाकाला पत्ता नव्हता. आपल्यालाही नाही, असं त्याने मनाशी म्हटलं आणि पुढचं ताट घेतलं. आज आणि उद्या, दोनच दिवसांचा प्रश्न होता. रस्सा करपला तर करपला, पलटण पावावर भागवेल, शिव्या मदतनीसाला बसतील आणि थोड्या चष्म्याला. ट्रक कुठे जात नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खर्र असा आवाज आला. चष्म्याला तळाशी काहीतरी चिकटलेलं लागलं होतं आणि तो बिचारा मनापासून ते खरवडायला निघाला होता.

पुढचं काही ड्रायव्हरने ठरवून केलं नाही. ओल्या हातांनीच तो धावत आत शिरला, चष्म्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने शेगडी बंद केली.

"खरवडू नकोस. तळाला हात लावू नकोस."

चष्म्या जागच्या जागी गोठला. ड्रायव्हरने भिंतीपाशी पालथं घातलेलं दुसरं पातेलं ओढलं, मोठी पळी घेतली आणि वरवरचा रस्सा अलगद काढून त्यात घालू लागला. तळाचा करपलेला थर तसाच राहू दिला. चष्म्याला कांदे तेलात टाकायला सांगितलं, कढत पाणी आणायला सांगितलं, आणि चष्म्या तारांबळ उडवत का होईना, सांगितलेलं सगळं करत गेला. मग परतलेला कांदा त्यात गेला, पाणी गेलं, मीठ त्याने मुठीने टाकलं, मोजलं नाही. नव्या पातेल्याखाली मंद आच लावून तो ढवळायला उभा राहिला. एकदा लय लागल्यावर त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्याचे हात त्याचे होते.

मान वर केली तेव्हा दारात उस्ताद उभा होता. खांद्यावर कांद्यांचं पोतं तसंच. किती वेळ उभा होता, कोण जाणे. पळी हातातून टाकावी, आ वासावा, असं काहीबाही मनात आलं, पण आता ते सोंग कुणासाठी करायचं होतं?

उस्तादाने पोतं खाली ठेवलं. आधी जुन्या पातेल्यात डोकावून तळ पाहिला. मग चमचा घेतला, नव्या पातेल्यातला रस्सा घेऊन फुंकर घातली आणि चाखला. करपल्याची चव शोधत तो थोडा वेळ डोळे मिटून राहिला. उस्तादाने डोळे उघडले, पातेल्याकडे पाहिलं आणि तोच चमचा धुऊन पुन्हा भरून घेतला. तो सावकाश संपवला. मग म्हणाला, "वाढायला घ्या."

पलटण आली, जेवली, भात संपवला, पाव संपवले आणि नव्या पातेल्याचा तळ दिसेपर्यंत रस्साही संपवला. कुणाला काही कळलं नाही. चष्म्याने वाढताना दोनदा स्वतःच्या बुटावर सांडलं, पण ते नेहमीचंच होतं.

जेवणं आटोपल्यावर उस्तादाने ड्रायव्हरला मागच्या पायरीवर बोलावलं. तिथे रिकामी पोती पसरलेली होती. उस्ताद एका पोत्यावर बसला आणि त्यालाही बसायला सांगितलं. फौजेत वरच्या माणसाने बसायला सांगितलं की समजावं, गोष्ट साधी नाही.

"घरी स्वयंपाक कोण करतं?" उस्तादाने विचारलं.

"आई."

उस्तादाने मान हलवली. "आईचा हात घरातल्या माणसांपुरता असतो. तू मनगटाने ढवळत नाहीस, कमरेने ढवळतोस. डावा पाय पुढे टाकतोस. हे मोठ्या पातेल्यापाशी जन्म काढलेल्या माणसाने शिकवलेलं आहे."

उस्ताद थांबला होता, त्याला घाई नव्हती.

"वडिलांनी," ड्रायव्हर शेवटी म्हणाला. "ते फौजेतच होते. स्वयंपाकी."

"मग तुला ड्रायव्हर का म्हणतात?"

"वडील ड्रायव्हर होते, असं मी सगळ्यांना सांगितलंय."

बोलून झाल्यावर त्याची मान खाली गेली. हे वाक्य त्याने आजवर कधी स्वतःच्या कानांनी ऐकलं नव्हतं. ज्या माणसाने विटेवर उभं करून त्याला ढवळायला शिकवलं, त्यालाच त्याने बराकीच्या दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

उस्ताद बटाट्यांवर आला. म्हणाला, पहिल्याच दिवशी कळलं होतं. सालं जाड, कापणं वाकडं, सगळं अगदी पढवल्याप्रमाणे. पण बादलीतल्या एकाही बटाट्यावर हिरवा डाग ठेवलेला नव्हता, कोंबही खोलवर कोरून काढलेले होते. ज्याला काही येत नाही, तो हिरवं कशाला काढेल? ड्रायव्हरने कबूल केलं की हिरवं ठेवायला हातच धजला नाही, माणसं आजारी पडतात त्याने.

"दर तुकडीचं नाटक मी बघतो," उस्ताद म्हणाला. "चाळीस पोरं, आणि चाळीसच्या चाळीस वेंधळी. असं जगात कुठे असतं का? मला कळत नाही असं नाही. वाईट वाटतं, इतकंच. इथे आपण होऊन कुणी येत नाही, धरूनच आणावं लागतं. मलाही धरूनच आणलं होतं."

ड्रायव्हरला विचारल्यावाचून राहवेना.

"मग माझं नाव देणार?"

"उद्या देणार आहे नाव. तू जा, आधी ते पातेलं घास."

करपलेलं पातेलं घासणं म्हणजे नाकी नऊ येण्याचं काम. ड्रायव्हरने त्यात कढत पाणी भरून ठेवलं आणि ते मुरेपर्यंत मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिला. मनातून त्याने ट्रकवर पाणी सोडलं होतं. वडिलांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव चालली होती. चष्म्या शेजारी येऊन बसला. आपल्यामुळे हे झालं म्हणून त्याचा चेहरा उतरला होता, पण थोड्या वेळाने तो प्रश्न विचारू लागला. भिंतीपलीकडे असताना तुला कसं कळलं? खरवडलं असतं तर काय झालं असतं? मीठ मुठीने किती, हे कसं समजतं? ड्रायव्हरने आधी टाळाटाळ केली, मग आता झाकायचं काय उरलंय, अशा विचाराने सगळं सांगत गेला. आवाज कसा जड होतो, वास कसा आधी गोड येतो, करपलेला थर ढवळला तर अख्ख्या पातेल्याला चव कशी लागते. चष्म्या तोंड उघडं टाकून ऐकत होता. वर्गात तोफेबद्दल सांगत असताना तो असा कधी ऐकत नसे. कुठे शिकलास हे विचारल्यावर मात्र ड्रायव्हर घुटमळला आणि घरी बघितलंय एवढंच म्हणाला. पातेलं दोघांनी मिळून घासलं. संध्याकाळी ड्रायव्हर बराकीत परतला तेव्हा चष्म्या बरोबर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळी तुकडी रांगेत उभी होती आणि कोणाला कुठलं काम ते वाचून दाखवलं जात होतं. ड्रायव्हर समोर बघत उभा होता. त्याच्या नावापुढे गाड्यांचं खातं आलं, तेव्हा त्याला वाटलं वाचणाऱ्याची चूक झाली. त्याने चोरून मागे पाहिलं. मेसच्या भिंतीला टेकून उस्ताद उभा होता, त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. वायरलेसची नावं झाली, कारखान्याची झाली आणि सगळ्यांत शेवटी भटारखान्यासाठी चष्म्याचं नाव आलं. रांगेतून हुश्श असा आवाज निघाला आणि दबलं हसूही. आपला डाव साधला म्हणून सगळे खूश होते. उस्तादाला वेड लागलं असणार, यावरही एकमत झालं.

चष्म्या मात्र कान लाल करून हसत होता. रांग मोडल्यावर त्याने ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगितलं की आदल्या संध्याकाळी आपण उस्तादाकडे गेलो होतो. मला शिकायचंय, म्हणालो. उस्तादाने तेच तीनदा विचारून घेतलं, खरंच का, कुणी पाठवलं का, शुद्धीत आहेस ना. मग चष्म्याच्या हातात एक बटाटा आणि सुरी ठेवली, आणि बोट कापल्यावर औषधाचा डबाही स्वतःच आणून दिला.

"तुझं नाव त्यांच्या मनात होतं," चष्म्या म्हणाला. "पण म्हणाले, एक तरी आपण होऊन आलाय, आता धरून कशाला आणू?"

ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडला. पण पुरता पडला नाही, एक काहीतरी अजून अडकून होतं.

रविवारी घरी फोन करायची मुभा असे. बराकीच्या व्हरांड्यात भिंतीवर एकच फोन आणि त्यापुढे ही रांग. मागचा माणूस इतका खेटून उभा असे की घरची भांडणं, बहिणीचं जमलेलं लग्न, सगळं सगळ्यांना ठाऊक. म्हणून पोरं फोनवर पुटपुटत. ड्रायव्हरची पाळी आली तेव्हा मागे निम्मी तुकडी होती.

फोन वडिलांनीच उचलला. खुशाली वगैरे काही नाही, पहिला शब्द गाडीचाच.

"मिळाली," तो म्हणाला.

पलीकडे वडिलांनी ते आईला ओरडून सांगितलं. भांडं पडल्यासारखा आवाज झाला, आई काहीतरी बोलली. मग वडील पुन्हा फोनवर आले आणि बसच्या खिडकीपाशी काढला होता तसा आवाज काढून विचारलं, "मेसमध्ये कुणाला कळलं नाही ना रे?"

ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. खेटून उभा असलेला पोरगा नखं कुरतडत होता. हो किंवा नाही म्हणून भागलं असतं. त्याने पुटपुटायचं सोडलं आणि सरळ आवाजात बोलला.

"कळलं. रस्सा तळाला लागला होता, बाबा, मी वरचा काढून घेतला. उस्तादांनी विचारलं, कुणी शिकवलं. मी सांगितलं, माझे वडील फौजेत स्वयंपाकी होते, त्यांनी."

रांगेतली कुजबुज थांबली. नखं कुरतडणाऱ्याने बोट तोंडातच ठेवलं. वडील फोनवर चिडले होते, कशाला सांगितलंस, गाडी हातची गेली असती, तुला बजावून पाठवलं होतं, असं बरंच काही बोलले. ड्रायव्हरने ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज हळूहळू खाली आला.

"खरवडलं नाहीस ना?"

"नाही."

"मग त्यांनी चव घेतली असेल."

"घेतली."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. दुसरा चमचा घेतला."

फोनमध्ये काहीच ऐकू येईना. लाइन तुटली असं वाटून त्याने दोनदा हाक मारली. मग पलीकडे कुणीतरी नाक ओढलं, आणि आई मागून काय झालं, काय झालं, असं विचारत असलेलीही ऐकू आली.

"पुन्हा सांग," वडील म्हणाले.

त्याने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी मागच्या रांगेतल्या शेवटच्या माणसालाही नीट ऐकू जाईल, असं सांगितलं.